निळ्या नेच्याची नात

एवढा धडधाकट नेचा, पावसाळा आला की पानांच्या पाठी तपकिरी ठिपक्यांनी गच्च भरतात, आणि तरी अंगणात एक म्हणून पिल्लू नाही! असं कसं? मैथिलीच्या डोक्यात हाच भुंगा गुणगुणत होता.

समुद्र वर चढला तेव्हा नवं वेळणे हे गाव टेकडीवर जाऊन बसलं. जागा मूठभर, माणसं ढीगभर. इमारती अशा खेटून उभ्या राहिल्या की मधल्या बोळांनी उन्हाचं तोंडच पाहिलं नाही. तिथे जास्वंद जगेना, मोगरा तर पाहूनच मान टाकी. पण मैथिलीच्या घरामागच्या काळोख्या, ओल्या अंगणात हा नेचा मोरासारखा पिसारा फुलवून बसला होता. निळा, बरं का! सावलीत पान निळं चमकायचं. उन्हात नेलं की रुसून साधं हिरवं व्हायचं.

तिचे आजोबा नाना वनस्पतिशास्त्रज्ञ (झाडांचा अभ्यास करणारे). तरुणपणी त्यांनी तो दूरच्या कोरावी बेटावरून आणला. पुढे बेट पाण्याखाली गेलं. आता जगात हा एवढा एकच उरला होता.

आणि उद्या तोही घरातून जाणार होता.

नगरबागेच्या नार्वेकरबाई सकाळीच सांगून गेल्या, "नाना, आमच्या बोळांना याच्याइतकं शोभेल असं झाड नाही. ऊन नको, खत नको, ओल मिळाली की खूश. पण एका झाडावर गावभर बागा कशा करायच्या? इथे पिल्लं धरली असती तर गोष्ट वेगळी. हा शेवटचा आहे, याला जपायला हवं. उद्या गाडी येईल, लांबच्या काचघरात नेईल."

"काचघरात? लोणचं आहे का ते बरणीत भरायला?" माई कडाडली. माई म्हणजे मैथिलीची आजी. तिच्यापुढे नाना बोलत नसत, तिथे नार्वेकरबाईंची काय कथा! पण गाडी काही टळली नाही.

मैथिलीला रडू फुटलं. माईने पदराने तिचं नाक पुसलं आणि फर्मान काढलं, "आपल्या घरून कुणी मळक्या अंगाने गेलेलं नाही. खराट्या, नेच्याचा कट्टा घास. कुंड्यांना गेरू लाव. जाईल तो थाटात जाईल."

खराट्या म्हणजे घरचा यंत्रमानव. दर शनिवारी काथ्याने कट्टा घासायचा आणि कुंड्यांना लालभडक गेरू फासायचा, हे त्याचं ठरलेलं काम. माईच्या कुंड्या बघायला शेजारणी यायच्या आणि घरी जाऊन आपल्या कुंड्यांवर चिडायच्या.

मैथिली गेरूचं भांडं धरून बसली. काथ्या कट्ट्याच्या विटेवर टेकला आणि खराट्या म्हणाला, "घाण सापडली. हिरवी. आकार बदामाचा, पत्त्यांतल्या. लांबी मुंगीएवढी. काढतो."

"शेवाळ असेल."

"शेवाळ मखमलीसारखं असतं. ही घाण गुळगुळीत आहे. नेहमीचीच आहे. दर शनिवारी काढतो."

"दर शनिवारी?" मैथिलीने भांडं खाली ठेवलं. "थांब!"

"माईंचा हुकूम आहे. मला ओरडा बसेल."

काथ्या फिरणार, तोच मैथिलीने हाताचा पंजा विटेवर पालथा घातला. माणसाच्या अंगाला काथ्या लावायचा नाही, एवढी अक्कल खराट्यात घातलेली होती. तो थबकला. "नाना! भिंग घेऊन या!"

नानांचे गुडघे असे की खाली बसले तर उठवायला दोघं लागत. तरी ते बसले. भिंग लावलं आणि बदाम या कडेपासून त्या कडेपर्यंत न्याहाळला.

"अगं, मी वर्षानुवर्षं याची पिल्लं बशीत उगवायला बघून थकलो, आणि हे इथे आपसूक!" ते म्हणाले. "मैथू, नेच्याला फूल येतं का?"

"नाही."

"मग बी कुठून येणार? पानामागच्या ठिपक्यांत बीजाणू (धुळीपेक्षा बारीक कण, ज्यांतून नवी पिढी उगवते) भरलेले असतात. ते ओल्या विटेवर पडले की त्यांतून हा बदाम उगवतो. याला म्हणतात पूर्वकायक (नेच्याचं आधीचं इवलं रूप)."

"म्हणजे हे पिल्लू? पण हे आईसारखं कुठे दिसतंय?"

"मुळीच दिसत नाही, तीच तर गंमत! याच्या पोटाखाली नरपेशी आणि अंडपेशी तयार होतात. विटेवर पाण्याचा पातळ थर असला की नरपेशी त्यात पोहत पोहत अंडपेशीपर्यंत जातात. दोघींचा मेळ झाला की बदामातून जे उगवतं, तो खरा नेचा."

मैथिली बोटांवर मोजत पुटपुटली, "आजी नेचा. तिची लेक बदाम. बदामाची लेक पुन्हा नेचा. नाना, म्हणजे नात आजीवर जाते!"

"शाबास! याला म्हणतात पिढ्यांचं एकांतरण (एका पिढीचं रूप एक, पुढचीचं दुसरं, मग पुन्हा पहिलं)."

माई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "म्हणजे इतकी वर्षं मी घरच्या लेकीबाळी खरवडून काढत होते?"

नानांनी नजर चुकवून भिंग पुसायला घेतलं. खराट्यासुद्धा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"चिखलात लोळणाऱ्या घरात असं झालं नसतं," माई ताठ मानेने म्हणाली. "आमची स्वच्छताच नडली. आता बघत काय बसलात? जिथे खराट्याचा हात पोचत नाही तिथे शोधा!"

मैथिली पन्हळीमागे (छताचं पाणी उतरतं त्या नळामागे) घुसली. कोपर खरचटलं, वेणी भिजली. आणि तिथे, भिंतीच्या फटीत, बदामांची जत्रा भरलेली! एका बदामातून गोगलगाईच्या शिंगाएवढं गुंडाळलेलं पान डोकावत होतं. अजून जेमतेम उलगडलेलं, पण सावलीत निळसर.

"माई, आजीवर गेलंय! अगदी आजीवर!"

दुसऱ्या दिवशी गाडी आली. नार्वेकरबाईही त्या फटीत डोकं घालून आल्या, केसांना कोळिष्टकं लावून, आणि हसतच सुटल्या. गाडी रिकामी परत गेली. "पिल्लं वाढली की पहिली बाग कुठल्या बोळात करायची?" त्यांनी विचारलं.

"आमच्या मागच्या," माई म्हणाली. "तिथले लोक फार किरकिरे आहेत. निळं बघून तरी गोड बोलतील."

मग बोलणं पार वरपर्यंत गेलं. चंद्रावर जमिनीखाली वस्ती होणार आहे म्हणतात. तिथेही हा नेचा जगेल का? सावली भरपूर, पाणी नेलं की झालं. नार्वेकरबाई आणि नाना हातवारे करकरून भांडू लागले.

मैथिलीने ओंजळीत पाणी घेतलं आणि विटेवर थेंब थेंब सोडलं. पातळ, लकाकता थर पसरला.

"शूऽऽ," ती मागे वळून म्हणाली. "हळू बोला ना. इथे कुणीतरी पोहतंय."