शेवटची पाटी

"अहो, सांभाळून! राणीला मिशी फुटली ना!"

संग्रहालयात घाईने शिरताना तिचा धक्का शिडीला लागला होता. वरच्या पेंटरने 'राणीचे दालन' या अक्षरांवर ओढला गेलेला काळा फराटा दाखवला. ती ओशाळली, मग खुदकन हसली. तोही हसला... आणि तिथेच घोटाळा झाला.

जुन्या राजमहालाचं हे संग्रहालय. पाट्यांचा मजकूर ती लिहायची, तो रंगवायचा. तिने मोठ्याने वाचून "ठीक" म्हटल्याशिवाय पाटी भिंतीवर चढायची नाही. सुरुवातीच्या पाट्या झटपट चढल्या. पण काम संपलं की पेंटर दुसऱ्या शहरी जाणार, हे कळल्यापासून बाईंना चुका सापडू लागल्या!

शेवटची पाटी 'महाल' या शब्दाची होती. ती पुन्हा पुसली गेली.

"आज काय चुकलं, मॅडम?"

"अर्थ... अपुरा वाटतो."

"काल उगम अपुरा होता. परवा म्हणे अक्षरं रुसलेली दिसतात!"

तिने हसू दाबलं. "मुळात अरबी शब्द आहे. उतरायची जागा. वाटसरू थांबतो, ओझं सोडतो, ती जागा. झुंबरं वगैरे सगळं मागाहून आलं."

"मग माझी भाड्याची खोलीही महालच की!"

"मन लागत असेल तर."

"नाही लागत," तो ब्रश पुसत म्हणाला. "मन इथेच राहतं."

तेवढ्यात संग्रहालयाचे साहेब डोकावले. "पाटी आजच लावा. पेंटरांना उद्या सकाळी निघायचंय."

त्याने पाटी पुन्हा रंगवली. तिने वाचली. काना-मात्रेचीही चूक नव्हती. आता "ठीक" म्हणायचं, की तो निघालाच.

"ठीक," ती कसंबसं म्हणाली.

त्याने पाटी लावली, डबे आवरले. तो दाराशी पोचला, तेव्हा तिला राहवेना.

"ऐका ना... चुका नव्हत्याच. एकही नव्हती. तुम्ही जाऊ नये म्हणून... मला तुम्ही आवडता."

तो वळला. कानांपर्यंत लाल झाला होता.

"कामाचा शब्द दिलाय, जावं तर लागेल. पण रविवारी येतो. आईला घेऊन."

"आईंना कशाला?"

"वा! मागणी घालायला एकटाच येऊ?"