शनिवारी बिघडणारा कॉम्प्युटर

सणसरच्या थांब्यावर स्वरूपा बारामतीच्या एसटीत चढली, तेव्हा तिच्या छातीशी गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर होता. नुसता डबाच, टीव्हीसारखा पडदा क्लासवर ठेवलेला. पण तिनं तो असा काही जपून धरला होता, की कंडक्टरनं विचारलं, "लेकराचं अर्धं तिकीट फाडू का?"

सगळी गाडी हसली. स्वरूपाचे कान तापले. खिडकीशी बसलेल्या एका तरुणानं मात्र मुकाट्यानं जागा सोडली आणि ती बसल्यावर तो गोधडीचं टोक उचलून आत डोकावला.

"फोर-एटी-सिक्स?"

"हो."

"मेमरी?"

"चार एमबी. वाढवायचीय. पण... तुम्हाला काय करायचंय?"

"मलाच करायचंय बहुतेक," तो म्हणाला. "बारामतीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे माझं. इंद्रजित."

सत्त्याण्णव सालातली गोष्ट. भवानीनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीलगत एका गाळ्यात स्वरूपानं कॉम्प्युटर क्लास काढला होता. दसऱ्यानंतरच्या सोमवारी मुलींची पहिली बॅच बसणार होती. मुलींना शिकायचं होतं नवं विंडोज, आणि पुण्याहून आणलेल्या या जुन्या मशीनला ते झेपायचं तर मेमरी दुप्पट हवी होती. वडिलांनी, सावळाराम आबांनी, जेवताजेवता सांगून टाकलं होतं, "बॅच बसली तर बसली. न्हाय तर गाळ्याला कुलूप, अन् वरकुट्याच्या पाव्हण्यांना तुला बघायला बोलावणं."

दुकानात इंद्रजितनं मेमरीच्या नव्या चार पट्ट्या काढल्या. बोटाएवढ्या, खालच्या कडेला सोनेरी दात.

"आधी तिरकी घालायची," तो म्हणाला, "मग हळूच उभी करायची. चौघींतली एक जरी नीट टेकली नाही, तर मशीन चौघींनाही ओळख देत नाही."

"भारीच मानी आहे."

"जुनी मशीनं तशीच असतात."

बटण दाबलं. पडद्यावर मेमरीचे आकडे धावू लागले... चार हजार... आणि पुढेही गेले, थेट आठ हजारांवर. स्वरूपानं आनंदानं वर पाहिलं, तर इंद्रजित पडद्याकडे बघतच नव्हता.

पण शनिवारी सकाळी क्लासवर मशीन चालू केलं, तर आकडे चार हजारांवरच थबकले. तिनं बूथवरून फोन केला. तासाभरात त्याची लूना दारात. त्यानं नव्या पट्ट्या काढल्या, खिशातल्या खोडरबरानं त्यांचे सोनेरी दात पुसले, परत बसवल्या... आणि झालं.

"काय बिघडलं होतं?"

"धूळ," तो म्हणाला. "चहा मिळेल?"

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. तीच लूना, तेच खोडरबर, तोच चहा – आणि या वेळी चहा संपायला दुपार झाली. विंडोजच्या गप्पा कधी उसाच्या रसावर गेल्या, कधी तिच्या वेणीतल्या अबोलीवर, दोघांनाही कळलं नाही.

संध्याकाळी सावळाराम म्हणाले, "हा पोरगा दुरुस्त करतोय का बिघडवतोय?"

स्वरूपा हसली खरी, पण ते वाक्य तिच्या मनातून हलेना.

बॅचच्या आधीचा शुक्रवार. ती वसाहतीत पत्रकं वाटून लवकर परतली, तर जेवणाचा डबा घेऊन आलेली आई, कुशाबाई, मशीनपुढे उभी. या मशीनला झाकण नव्हतंच, वर भरतकामाचा रुमाल असायचा. तो बाजूला सारून आई नव्या पट्ट्यांवर एकेक करून हळदी-कुंकू वाहत होती. ओल्या हळदीचा ओघळ थेट पट्ट्यांच्या खाचेत उतरत होता.

"आई... हे काय?"

"नवी वस्तू हाय की. ट्रॅक्टरला लावतो, मोटारीला लावतो, मग ह्याला नगं व्हय?"

"आणि कधीपासून?"

"दर शुक्करवारी. तुजी बॅच बसू दे म्हणून."

स्वरूपाला रागावता येईना. तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं... आणि तिथंच तिला आठवलं. पुसून झाल्यावर इंद्रजितचं खोडरबर पिवळंधमक व्हायचं. म्हणजे त्याला ठाऊक होतं!

त्या संध्याकाळी तिनं स्वतः पट्ट्या काढल्या. दात खोडरबरानं घासले, खाचा कोरड्या ब्रशनं झाडल्या. तिरकी घातली, उभी केली. चौघी. बटण दाबलं... आकडे चार हजार ओलांडून सुसाट गेले.

शनिवारी तिनं फोन केला नाही. तरी लूना आलीच.

"फोन आला नाही... म्हटलं, बूथ बंद असेल."

"मशीन चालू आहे," ती म्हणाली आणि आपलं पिवळं झालेलं खोडरबर टेबलावर ठेवलं. "धूळ ना?"

इंद्रजितचा चेहरा उतरला. "पहिल्याच शनिवारी कळलं होतं. हळदी-कुंकू आईंचंच असणार, हेही."

"सोमवारी पोरींसमोर बंद पडलं असतं तर? माझा क्लास गेला असता, इंद्रजित."

"म्हणून तर..." तो बाहेर गेला आणि लूनावरून पत्र्याचं झाकण घेऊन आला. नवंकोरं, हवेसाठी कडेला भोकं पाडलेलं. "आता बिघडणार नाही. आईंना कुंकू लावायला वर भरपूर जागा आहे."

"मग तेव्हाच का नाही आणलंत?"

"आणलं असतं, तर शनिवारी यायला निमित्त उरलं नसतं."

"आता तर उरलंच नाही. मग आज का आलात?"

तो झाकणाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. बाहेर उसाची बैलगाडी घुंगरं वाजवत गेली.

"तुमच्यासाठी," तो म्हणाला. "मशीन बिघडो, न बिघडो... मला रोज यायचंय."

हसू ओठांत दाबत ती म्हणाली, "उद्या आमच्या घरी या. आबांना वाटतं, मशीन तुम्हीच बिघडवता. त्यांना सांगा, बिघडवणारा मी नाही. बाकीचंही तुम्हीच सांगा."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"मग त्यांना नाही म्हणायला मी घरीच असणार आहे की."

तो झाकण बसवायला वाकला. इतकी मशीनं उघडलेला माणूस, पण आज त्याला एक स्क्रू सरळ लावता येईना. तिनं त्याचं मनगट धरलं आणि हात सरळ केला. स्क्रू बसला, झाकण घट्ट झालं... तरी तिनं हात सोडला नाही.