आभाराचे पैसे

“दार तिलाच उघडू दे. सून म्हणून आणलीय ना? मग होऊ दे की काहीतरी उपयोग.”

नणंदेचं, वुर्यानीचं, हे बोलणं सुलिसने मागच्या अंगणात तांदूळ धुता धुता ऐकलं. बांबूच्या भिंती काही पोटात ठेवत नाहीत, हे तिला लग्नानंतरच्या चाळीस दिवसांत कळून चुकलं होतं. ती हात पाण्यातच ठेवून थांबली. नवरा ‘नको’ म्हणेल, निदान खाकरेल तरी. पण आतून सासऱ्यांच्या चावण्याचा आवाज तेवढा येत राहिला. ते गेले तीन दिवस चावतच होते.

सासूबाईंना जाऊन आज सहावा दिवस. जाडजूड, डाव्या पायावर भार देऊन चालणाऱ्या सार्मिनीबाईंनी जावा बेटावरच्या क्लातेनच्या बाजारात वीस वर्षं पैसे फिरवले होते. भाजीवालीने शंभर मागितले की तिच्या हातावर ऐंशी टेकवायचे आणि रोज थोडे थोडे करून एकशे वीस वसूल करायचे. व्याज हराम, म्हणून या घरात तो शब्द कुणी कधी उच्चारला नव्हता. वरच्या पैशांना सासूबाई ‘आभार’ म्हणत. “मी कुठे मागते? त्याच आपल्या खुशीनं आभार मानतात!” एखादी आभार मानायला विसरली, की सासूबाई तिच्या चुलीवरची कढई उचलून आणत. अशा अकरा कढया घरात होत्या. सुलिस त्यातल्याच एकीत स्वयंपाक करी, आणि तळ घासताना ही कुणाची असेल, याचा विचार करायचा नाही असं स्वतःला बजावत राही.

जनाजा उचलण्याआधी घरातल्या कुणीतरी पुढे होऊन लोकांना विचारायचं असतं. मयताकडे कुणाचं काही राहिलं असेल तर आमच्याकडे या. नसेल तर झालं-गेलं माफ करा. अख्ख्या जावात हीच दोन वाक्यं म्हणतात, लोक ‘माफ, माफ’ म्हणतात आणि जनाजा उचलला जातो. सुलिसच्या नवऱ्याने, गुनार्तोनेही ती म्हटली. पण अंगणात बाजारातल्या बायका माना खाली घालून उभ्या होत्या, आणि एकीच्याही तोंडून ‘माफ’ निघेना. कुठेतरी एक कोंबडी कॉक-कॉक करत होती, तेवढीच. ती शांतता गुनार्तोला झोंबली. तो तावातावाने बोलून गेला, “जिवंत असो की मेलेलं, आमच्या आईनं ज्याचं जास्त घेतलं असेल त्यानं खुशाल यावं! मी देतो! दार उघडं आहे!”

कबर खणणारा म्हातारा फावड्यावर रेलून पुटपुटला, “दोन वाक्यांवर थांबायचं असतं रे, पोरा.”

तिसऱ्या दिवशी सूर्यास्ताची, मगरिबची नमाज होते न होते तोच दार वाजलं. सासऱ्यांनी उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं. फक्त तापेचा वास आला, कसावा आंबवून केळीच्या पानात बांधतात ना, तो आंबूस गोड वास. सासरे आत आले आणि म्हणाले, “भूक लागली.” तेव्हापासून ते खात होते. भात, केळी, गुळाचा खडा, कच्चं रताळंसुद्धा. आणि तीन दिवसांत त्यांच्या लुंगीची गाठ कमरेवर ठरेनाशी झाली होती.

तापे विकायची ती गियेम आजी. गेल्या वर्षी वारली. घरचे म्हणाले तापानं. बाजार म्हणाला उपासानं. शेवटचे कित्येक महिने ती आधी आभार द्यायची, आणि उरलं तर जेवायची.

चौथ्या आणि पाचव्या दिवशी कुणी कडी काढली नाही. रात्रीच्या, इशाच्या अजानपर्यंत दार वाजत राहिलं, आणि सकाळी घरातला सगळा भात आंबलेला निघाला. उद्या सातवा दिवस. तिन्हीसांजेला अख्खी गल्ली मयतासाठी कुराणाच्या पाठाला येणार, दार सताड उघडं ठेवावं लागणार. म्हणजे जे काय मिटवायचं ते आजच. आणि मिटवायची या घरची रीत एकच होती: एकीचं थकलं की दुसरीच्या डोक्यावर चढवायचं.

ऊन कलायला लागलं तशी वुर्यानीने सुलिसच्या ताटात कोंबडीची तंगडी वाढली. चाळीस दिवसांत पहिल्यांदा.

“खा गं पोटभर. आणि कुणी आलं तर जरा बघशील ना? माझे मेले गुडघे...”

“काल तर तुम्ही नारळावर चढायला निघाला होतात, ताई.”

“जास्त बोलू नकोस. खा.”

सुलिसने नवऱ्याकडे पाहिलं. “तुम्ही नाही का उघडणार?”

गुनार्तो चटईची काडी उपसत होता. “तू नवीन आहेस... तुला नाही काही करणार ते.”

“ते म्हणजे कोण?”

त्याने आणखी एक काडी उपसली. सासरे हाड फोडत होते. अजान झाली, संपली. बाहेरचा उजेड जुन्या तांब्यासारखा झाला आणि मग तोही विझत चालला. गल्लीतल्या आयांनी पोरं आत ओढली, खिडक्या लागल्या. डासांची भुणभुणसुद्धा थांबली.

टक्.

एकदाच. उसने मागायला आलेली बाई वाजवते तसं. हलकं, आणि मग नुसतं थांबणं.

सुलिस उठली. मागून वुर्यानी कुजबुजली, “उघड... उघड ना गं...” तिने कडी काढली.

आंबूस वासाचा लोट अंगावर आला. उंबऱ्यापलीकडे गियेम आजी उभी होती, डोक्यावर टोपली, चेहऱ्यावर जागा चुकून आल्यासारखा संकोच. तिच्यामागे आणखी एक बाई होती. तिच्यामागे आणखी एक. सासूबाईंच्या ओट्यापुढे पहाटे उभ्या राहत तशाच, एकीमागे एक, अनवाणी, न बोलता, थेट गल्लीच्या वळणापर्यंत.

“सून का गं?” आजीने विचारलं.

“हो.”

“किती दिवस झाले?”

“चाळीस.”

“चाळीस दिवसांचा भात.” आजीने मागे वळून पाहिलं. रांगेतून एक हुंकार सरकत गेला. “तेवढा माफ. तू नकोस आम्हाला. बोलावलं ज्यानं, तो आहे का घरात?”

सुलिसने विचारलं, “...नाही म्हटलं तर?”

“तर मग तुझ्या डोक्यावर. दार उघडणारीनं माणूस द्यावं, नाही तर डोकं.” आजी हे अगदी मायेनं बोलली. “घाई नाही, पोरी. आम्हाला थांबायची सवय आहे.”

सुलिसने मान वळवली. वुर्यानी चुलीपर्यंत मागे सरकली होती. सासरे हात चाटत होते. आणि गुनार्तो, ज्याने लग्नात तिचा हात घट्ट धरला होता तो गुनार्तो, दोन्ही हात हलवून तिला खुणावत होता. नाही म्हण. नाही म्हण. सांग, घरात नाही.

ती बघत राहिली. आपल्याला आता रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. मग तिने पुन्हा बाहेर पाहिलं. रांग पाऊलभर पुढे सरकली होती, त्यामुळे वळणाआड उभी असलेली शेवटची बाई आता दिसत होती. बाकीच्यांहून जाड. भार डाव्या पायावर. पांढऱ्या कापडाला अजून ओली माती. ती मान खाली घालून, हात पुढे करून, बाकीच्यांसारखीच, मुकाट्याने आपल्या पाळीची वाट बघत होती.

सुलिस दारातून बाजूला झाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा स्वच्छ निघाला.

“अहो, उठा. तुम्हालाच विचारतायत. आणि ताई, तुम्हीही या पुढे... सगळ्यात शेवटी आई उभ्या आहेत. त्यांनीही हात पुढे केलाय, पोरांकडे मागायला.”