ढवळ्याची किंमत किती?

साहेब, ढवळ्याला तुम्ही नेलंत. त्याच्या नावापुढचं शून्य बघितलंत आणि गाडीत चढवून नेलंत. कुठे नेलंत ते आजवर सांगितलं नाहीत. आता याच शिमग्याला दुसऱ्यांदा तसंच करायला निघाला आहात.

मुलांनो, हे साहेबांसाठी लिहिलंय, पण आधी तुम्ही वाचा. साहेबांना वेळ नसतो.

ढवळ्या म्हणजे आमच्या नागझरवाडीच्या गुऱ्हाळातला यंत्रमानव. पांढराशुभ्र रंगवलेला, चार हातांचा. उसाच्या रसाची भलीमोठी काहील ढवळायचा, म्हणून ढवळ्या. तेव्हा ऊस यंत्रं तोडत होती, आमची शाळा पडद्यावर भरायची आणि आईचा डबा उडत्या टोपलीतून रानात पोचायचा. पण गूळ मात्र चुलवणावरच व्हायचा. खाली चिपाडांचा जाळ, वर उकळता रस, आणि सगळ्या शिवारभर तो वास. अजूनही नातवाचं पांघरूण झटकलं तरी तोच वास येतो.

ढवळ्या कारखान्यातून आला तेव्हा त्याला फक्त आकडा माहीत होता. पाक एकशे अठरा अंशांवर गेला की उतरवायचा, बस्स. पहिल्याच हंगामात त्याने अख्खी काहील करपवली. माझे आबा त्या गुऱ्हाळातले जुने गुळव्या, म्हणजे गूळ कधी झाला ते ओळखणारा माणूस. ते म्हणाले, "आकडा बघतोस लेका, काहिलीकडं बघ की." मग वर्षानुवर्षं ते त्याला शिकवत राहिले. नदीकाठचा ऊस कसा वागतो, माळावरचा कसा. बुडबुडा फुटताना आवाज कसा जड होत जातो. आबा गेले तोवर ढवळ्या डोळे मिटूनही गूळ ओळखायला लागला होता. त्याला पापण्या नव्हत्या, पण तो दिवे मालवायचा.

मी अकरा वर्षांची असताना आमच्या गावाने एक समारंभ केला. असा समारंभ पृथ्वीवर दुसऱ्या कुठल्या गावाने केला नसेल. गुऱ्हाळ गावाच्या मालकीचं होतं आणि त्याचे चिटणीस होते बंडामामा. ते वार्षिक सभेत उठले आणि म्हणाले, "मंडळी, आनंदाची बातमी! ढवळ्याची किंमत दरवर्षी एक लाखानं कमी होत होती. यंदा शून्य झाली. फिटलं सगळं! ढवळ्या आता आपला!"

टाळ्या झाल्या. ढवळ्याला हार घातला. वाजंत्री आणली, काकवी वाटली. आणि बंडामामांनी मोठ्या हौसेने, ज्या खात्याच्या अनुदानातून ढवळ्या आला होता, त्या खात्याच्या साहेबांना आमंत्रण धाडलं.

साहेब आले. काकवी खाल्ली, बोटं चाटली. फलकावर मोठ्ठं शून्य होतं, त्याला झेंडूची माळ होती. ते बघून म्हणाले, "बरं झालं तुम्हीच कळवलंत. करारात कलम आहे. किंमत शून्य झालेलं यंत्र खात्याकडे जमा करायचं. हंगाम संपला की गाडी पाठवतो."

वाजंत्री थांबली.

त्या संध्याकाळी मी चुलवणापाशी जाऊन बसले. ढवळ्या मळी काढत होता, म्हणजे रसावर येणारा घाण फेस.

"ढवळ्या, तू शून्य आहेस?"

"कागदावर आहे."

"पण तू तर गूळ करतोस! शून्याला गूळ कसा येईल?"

"केतकी, तुझ्या अंगातला स्वेटर कुणाचा?"

"माझा. आधी किरणदादाचा होता. त्याच्याआधी सुमनताईचा."

"आईनं सहाशेला घेतला. समज, तिनं धरलं होतं की दोन पोरं वापरतील. आता सहाशेच्या सहाशे ताईच्या नावावर टाकले तर?"

"ताई भांडेल. म्हणेल, दादाला काय फुकट?"

"म्हणून तीनशे ताईच्या थंडीचे, तीनशे दादाच्या. वस्तू एकदाच विकत घेतो, पण झिजते हळूहळू. तिची किंमत ती जितकी वर्षं वापरू तितक्यांवर वाटून टाकायची. त्या दरवर्षीच्या वाट्याला घसारा म्हणतात. तो काढला नाही तर पहिल्या वर्षीचा गूळ भयंकर महाग दिसेल आणि पुढचा फुकट. दोन्ही खोटं."

"आणि ताईनं घालून झाल्यावर?"

"कागदावर तीनशे उरले. घेतलेली किंमत वजा आजवरचा घसारा, ही पुस्तकी किंमत. दादाचं घालून झालं की?"

मी बोटांवर मोजलं. "शून्य! म्हणजे माझ्याकडे आला तेव्हाच शून्य?"

"ऊब लागते का?"

"लागते की!"

"मग झालं." त्याने काहिलीची कड खरवडली. "मी दहा लाखांचा, दहा वर्षं टिकेन असं कुणीतरी धरलं होतं. तो अंदाज होता, केतकी. शून्य म्हणजे माझा खर्च सांगून संपला. मी संपलो असं नव्हे."

"पण बंडामामा म्हणतात फिटलं."

ढवळ्याचे दिवे लुकलुकले. तो असा हसायचा. "मामांची गल्लत झाली. त्यांना घसारा म्हणजे हप्ता वाटला. हप्ता दुसऱ्याला द्यायचा असतो, म्हणून तो फिटतो. घसारा कुणालाच देत नाहीत. यंदाच्या गुळाला माझी किती झीज लागली, हे आपण आपल्यालाच खरं सांगायचं असतं."

मी जाळात एक चिपाड सरकवलं. मग विचारलं, "आणि आबांनी शिकवलं ते? बुडबुड्याचा आवाज? त्याचा पण घसारा झाला?"

"नाही. ते लिहिलंच नाही."

"का?"

"हिशेबात लिहितात ते बहुतेक पैसे मोजून आणलेलं. जे हाताला लागत नाही पण उत्पन्न देतं, ती अमूर्त मालमत्ता. तीसुद्धा विकत आणली तर लिहितात. घरच्या घरी पिकलेली सहसा लिहीत नाहीत, कारण तिची किंमत खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही. नाहीतर जो तो उठून म्हणेल, माझी अक्कल एक कोटीची."

"बंडामामा पहिले म्हणतील."

"दोन कोटी म्हणतील," ढवळ्या म्हणाला.

त्यानंतर हंगाम संपेपर्यंत मी रोज तिथे जात होते. ढवळ्या मला कान द्यायला शिकवत होता.

गाडी आली तेव्हा शेवटची काहील चुलवणावर होती. साहेबही आले. बंडामामा अंगणात आडवे उभे राहिले. स्वतःच्या चुकीने माणूस पार वाळला होता, पण आवाज तसाच खणखणीत.

"साहेब, याची किंमत शून्य. बरोबर?"

"बरोबर."

"मग आम्ही घेतो. हे घ्या तुमचं शून्य." त्यांनी रिकामी ओंजळ पुढे केली.

गावकरी हसले. साहेबही हसले, माणूस वाईट नव्हता. "तसं होत नाही हो. भंगाराचा लिलाव होतो. लोखंड, तांबं, मोटारी. त्याचे पैसे येतात. भंगारमूल्य."

"म्हंजी किंमत हाय!" मामा उसळले.

"ती वेगळी. शून्य ती पुस्तकी किंमत."

"आणि ह्यो जो गूळ करतोय, त्याची कंची किंमत?"

साहेबांनी हातातल्या पाटीवरची यादी बोटाने वरखाली सरकवली. "त्याला रकाना नाही."

मी पुढे झाले. "साहेब, रकाना नसेल तर पाडा की."

"बाळ, तो माझ्या हातात नाही."

मग ढवळ्या बोलला. "ही काहील उतरवू द्याल? अर्धी सोडली तर वाया जाईल." साहेब खाटेवर बसले. आणि ढवळ्याने माझ्याकडे तोंड केलं. "केतकी, आज तू सांगायचं." एवढं बोलून त्याने आपले सगळे दिवे मालवले.

मी काहिलीकडे कान केला. मला फक्त काहील ऐकू येत होती. टपटप, टपटप. मग डब् डब्. मग एक बुडबुडा असा फुटला, जसा आबा धाप टाकून खाली बसायचे.

"आता!" मी ओरडले.

चार हातांनी काहील उचलली गेली. मी पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला, त्याची गोळी वळली आणि ताटलीवर आपटली. टण्ण! गूळ झाला होता.

"बघा," ढवळ्या साहेबांना म्हणाला, "जे तुम्ही लिहिलंच नाही, ते तुम्हाला नेता येणार नाही. ते इथंच राहिलं." मग तो स्वतःच्या पायांनी गाडीत चढला. ढेप अजून कोमट होती, तोवर गाडी ओढ्यापलीकडे गेली. मी स्वेटरच्या बाहीने नाक पुसत होते आणि बाहीला गुळाचा वास येत होता.

आम्ही लिलावाची वाट बघत राहिलो. बोली लावायला घराघरातून वर्गणी गोळा केली होती. लिलाव कधी झाला, कुणी घेतलं, कुणी कळवलं नाही. बंडामामा मरेपर्यंत पत्रं पाठवत राहिले. उत्तर आलं नाही.

मुलांनो, आज मी त्या गुऱ्हाळाची गुळव्या आहे. माझ्या हाताखाली पवळ्या आहे, दहा वर्षांपूर्वी त्याच खात्याच्या अनुदानातून आलेला यंत्रमानव. त्याला आकडा येत होता, बुडबुड्याचा आवाज मी शिकवला. आता गावातल्या सात पोरापोरींना तो आवाज ओळखता येतो, आणि त्या पोरांनी परवा एक फलक रंगवलाय. त्यावर तीन रकाने आहेत: पुस्तकी किंमत, भंगारमूल्य, आणि तिसरा मोकळा. त्याच्या डोक्यावर त्यांनी लिहिलंय, 'येतं ते', म्हणजे जे शिकून येतं ते. तो कसा भरायचा, ते त्यांनाही ठाऊक नाही. पण त्यांनी पाडला. साहेब, तुम्हाला इतक्या वर्षांत पाडता आला नाही.

या शिमग्याला पवळ्याची पुस्तकी किंमत शून्य होते आहे, साहेब. तुमच्या खुर्चीत आता दुसरं कुणी असेल, पण कलम तेच आहे. यंदा वाजंत्री नाही, काकवी नाही, आमंत्रणही नाही. गाडी आली तर पोरं त्या फलकासह अंगणात उभी असतील, आणि मी त्यांच्या पुढे.

गाडी पाठवायच्या आधी दोन ओळी लिहून पाठवा. ढवळ्याची किंमत खरंच शून्य होती, तर शून्य घेऊन तो आम्हाला का दिला नाहीत? आणि शून्य नव्हती, तर किती होती?

आकडा सांगा.