काळी विस्मृती

"महान कलाकृती आपला चोर स्वतःच निवडते," अबू नासिर म्हणाले. मग त्यांनी नाक शिंकरलं आणि रखवालदार यूनुसचा पासपोर्ट तिजोरीत टाकला.

एक्क्याण्णवचा डिसेंबर. आखाती युद्धात पेटलेल्या तेलविहिरींच्या आगी नुकत्याच विझलेल्या. अबू नासिर लंडनहून सलव्याच्या बंगल्यात परतले, तर दिवाणखान्यातली 'विस्मृती' ही काळीकभिन्न ब्राँझमूर्ती गायब! जागेवर तीच बाई, तेच मिटलेले डोळे, केसांत तीच अफूची बोंडं, पण पिवळीधमक.

"फरहेल्स्ट नावाचा बेल्जियन शिल्पकार. त्याच्या गल्लीतही कुणाला ठाऊक नाही," ते हिशेबनीस काशिनाथला म्हणाले. "ब्राँझवर वर्षभर आम्लं चढवून तो काळोख आणायचा. काळोख हेच शिल्प! यूनुसनं खरी विकली, ही पितळी ठेवली. संध्याकाळी पोलीस येतील."

चोरीचं काशिनाथला काही वाटलं नाही. त्या वर्षी कुणालाच काही वाटत नव्हतं. पण यूनुस रत्नागिरीकडचा, शुक्रवारी काशिनाथच्याच घरी जेवणारा; युद्धभर एकट्यानं बंगला राखलेला.

"यूनुस, इथं कोण आलं होतं?" काशिनाथनं विचारलं.

"सफाईला आपलीच माणसं. बायकासुद्धा. भिंतींवर विहिरींची काजळी होती ना! तुम्ही ऑफिसात होतात."

"पुतळ्याला हात कुणी लावला?"

"ते नका इचारू, दादा."

"अरे, तुरुंगात जाशील!"

"जाईन. नाव घेणार नाय."

काशिनाथनं पुतळ्याचा वास घेतला. आंबूस. पुतळ्याच्या अंगावरच्या शालीच्या चुणीत तपकिरी धागे अडकलेले. मग पुतळा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत त्यानं बॅटरी मारली.

"मुदीरसाहेब, चोरी झालेलीच नाही. पाठ बघा, काळी आहे. पुढून बदलून मागून तीच ठेवणारा चोर अजून जन्मायचाय. हिला जागेवरच घासलंय, हात पोचला तिथवर. हा चिंचेचा चोथा. आमच्याकडे देवाची भांडी अशीच घासतात. कुणाला तरी वाटलं, हीसुद्धा काजळीच."

"कुणाला?"

"यूनुस तुरुंगात जाईल, पण जिच्या हातचं खाल्लं तिचं नाव घेणार नाही." काशिनाथनं बॅटरी विझवली. "माझ्या बायकोला."

नर्मदा दारातच उभी होती, यूनुसचा डबा घेऊन.

"काजळीच होती ती!" ती म्हणाली. "आणि काय चिवट मेली! दोन दिवस खांदे दुखत होते माझे."

अबू नासिरांनी पासपोर्ट काढून यूनुसच्या हातात ठेवला. बराच वेळ ते त्या लखलखीत विस्मृतीकडे बघत बसले. मग म्हणाले,

"काशिनाथ, आत आईच्या वेळच्या, काळ्या पडलेल्या कॉफीच्या किटल्या आहेत. बाईंना विचार, सवड होईल का?"