धक्का कोणी हलवला?

"हलू नका!" असं कोणी ओरडलं, की माणूस आधी हलतो. भिंगरीही हलली. हातातली डांबराची बादली हिंदकळली, तळ्यात शिरलेला लाकडी धक्का या टोकापासून त्या टोकापर्यंत थरथरला, आणि त्याच्याच दुसऱ्या टोकाला ट्रायपॉडवर कॅमेरा लावून उभ्या असलेल्या फोटोवाल्याने कपाळावर हात मारला.

"गेला! अख्खा फोटो गेला."

"कुठं गेला? तळं तर जागेवरच आहे की."

मावशीने तिला भिंगरी उगाच म्हटलं नव्हतं. पोरगी कूससुद्धा घाईत बदलायची. तळ्यावरच्या भाड्याच्या होड्या या दोघींच्या. हिवाळ्यात गिऱ्हाईक फिरकत नसे, म्हणून होड्या काठावर पालथ्या घालायच्या, खरवडायच्या, डांबर फासायचं. पाणी राखाडी, आभाळ राखाडी, झाडांच्या नुसत्या काड्या. या भकासपणाचे फोटो काढायला कोणी लांबून येतं, हे मावशीला पटेना. "घरच्यांनी हाकलला असणार," तिने निदान केलं.

"शटर मिनिटं-मिनिटं उघडं ठेवतो," त्याने भिंगरीला समजावलं. "जे स्थिर, ते उमटतं. जे हलतं, ते पुसलं जातं."

भिंगरीला ते पटलं. पण डांबर आणायला, ब्रश विसरला म्हणून, मग उगाचच... ती धक्क्यावर येतच राहिली. तो रोज कपाळाला हात लावायचा, आणि रोज तिथेच ट्रायपॉड मांडायचा.

"काय रे, काठावर जागेचा दुष्काळ पडलाय? नेमका हिच्याच वाटेत बसतोस तो?" मावशीने तिकिटाच्या खिडकीतून विचारलं. तो बुटाची नाडी बांधू लागला. नाडी बांधलेलीच होती.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने तिला फोटो दाखवले. धुक्यासारखं पाणी, पालथ्या होड्या, मोडका खांबसुद्धा...

"आणि मी? दिवसातून शंभरदा इथून जाते मी!"

"तुम्ही थांबलात कुठे?"

त्या मोडक्या खांबाचा भिंगरीला असा राग आला! तो मेला याच्याबरोबर जाणार, आणि आपण पुसलेल्या.

सकाळी ती पालथ्या होडीवर जाऊन बसली. "काढा. आज हलणार नाही."

"जमेल?"

"शटर उघडा, बोलू नका."

उघडलं. लगेच नाक खाजलं. एक बदक येऊन तिच्या चपलेचा अंगठा चोचीने तपासू लागलं. मावशी ओरडली, "अगं, दूध उतू जातंय!" जाऊ दे. भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली... नुसती बघत.

शटर मिटलं. त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाला.

"हललाय."

"मी? मी तर श्वासही चोरून घेतला!"

"तुम्ही एकट्या नाही. तळं, होड्या, झाडं... सगळंच हललंय."

"मग धक्का कोणी हलवला?"

"हाच की!" मावशी खिडकीतून अर्धी बाहेर आली. "मघापासून या पायावरून त्या पायावर नाचत होता. मी बघतेय ना!"

"थंडी... म्हणजे, थंडी नव्हे." तो कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाला, "तुम्ही एवढा वेळ माझ्याकडे कधी बघितलंच नव्हतं. मला उभं राहवेना."

भिंगरीला अख्ख्या जन्मात पहिल्यांदाच हलायचं सुचलं नाही.

"मग... परत काढावा लागेल?"

"आज तरी माझ्या हातून जमेल असं वाटत नाही."

"उद्या?"

"उद्याचंही सांगवत नाही."

"गाडी चुकेल की तुमची."

"चुकू दे."

मग मात्र भिंगरी उठली आणि धावतच त्याच्याकडे निघाली. धक्का टोकापर्यंत थरथरला, कॅमेरा डुगडुगला... या वेळी 'हलू नका' असं कोणीच म्हणालं नाही.