त्रिशंकूचा तारा विझला!

"दिसला! दिसला त्रिशंकू!" न्हाणीच्या छपरावरून पंचाक्षरी ओरडला.

"हळू बे! पडशील की!" शेजारच्या नरसूनं त्याचा पाय धरला.

महानंदाही आपल्या धाकट्या भावाशेजारी, पंचाक्षरीजवळ चढली. उन्हाळ्याची सुट्टी लागलेली, त्यात वीज कपात. अक्कलकोट रोडची सगळी वस्ती अंधारात बुडाली होती. तारे बघायला याहून चांगली संध्याकाळ कुठली? दक्षिणेला, रेवणसिद्धअप्पांच्या सूत-गोदामाच्या पत्र्यावर, पतंगाच्या आकाराचं ते नक्षत्र लुकलुकत होतं.

"खालचा तारा सगळ्यात ठळक..." महानंदा सांगता सांगता थबकली. खालचा तारा नव्हताच!

"ढग आला असंल," नरसू म्हणाला.

"एवढासा? बाकीचं आभाळ बघ, कसं लख्ख आहे!"

तेवढ्यात तारा परत आला, मिणमिणला आणि पुन्हा गेला. मग त्याच्या वरचाही! पत्र्यावरून काहीतरी काळं वर चढत होतं. वाऱ्याबरोबर जळक्या सुताचा वास आला.

"अव्वा!" नरसू किंचाळला.

त्याची आजी काशम्मा गोदामात राखणीला झोपायची. सूत चोरीला जाऊ नये म्हणून अप्पा बाहेरून कुलूप घालत!

तिघांनी खाली उड्या टाकल्या. पोरं गोदामाकडे पळाली, महानंदा किल्लीसाठी अप्पांकडे.

अप्पांच्या कट्ट्यावर गॅसबत्तीच्या उजेडात पत्त्यांचा डाव रंगला होता.

"अप्पा, गोदामातून धूर येतोय! काशम्मा आत आहे!"

"कुठं दिसला तुला धूर?"

"तारे दिसेनासे झाले!"

सगळे खो खो हसले. "तारे विझले म्हण की! अगं, कुणाची तरी चूल असंल. जा, झोप जा." अप्पांनी पान टाकलं.

इतक्यात पंचाक्षरी धापा टाकत आला. "अक्का, दार बडवलं, हाका मारल्या. अव्वा ओ देत नाही!"

ही माणसं कशानं उठतील? तिनं छातीभर श्वास घेतला.

"चोर! चोर! गोदामात चोर शिरलेत! सुताचे गठ्ठे पळवतायत!"

पत्ते उधळले! एका हातानं धोतर सावरत, दुसऱ्यानं कमरेची किल्ली सोडवत अप्पा सुसाट निघाले. मागून काठ्या घेऊन सगळी वस्ती!

दार उघडताच धुराचा लोट अंगावर आला.

"चोर कुठायत?" अप्पा खोकत ओरडले.

"चोर नाहीत! आधी काशम्माला काढा!"

"ती त्या कोपऱ्यात झोपतीय!" नरसू रडत म्हणाला. वस्तीतल्या दोघा गड्यांनी तोंडाला ओले पंचे बांधले, आत घुसले आणि काशम्माला उचलून आणलं. ती हलत नव्हती. नरसूनं तिच्या तोंडावर पाणी मारलं. एकदा. पुन्हा. आणि काशम्मा खोकली!

बायाबापड्यांनी घागरी ओतून आग विझवली. तुटक्या सुताच्या धुमसत्या ढिगापाशी विडीचं थोटूक सापडलं. तिथं विडी ओढायची सगळ्यांना बंदी होती, एक मालक सोडून! अप्पांची मान खाली गेली.

"पोरी, मी तुला हसलो," ते म्हणाले. "तू ती थाप मारली नसतीस, तर मी पत्तेच पिसत बसलो असतो. शाबास! तिघांनाही शाबास!"

काशम्मानं नरसूला छातीशी धरलं. "अप्पा, उद्या पण कुलूप घालतोस काय?"

"आतून कडी लावायची, काशम्मा. बाहेरून कुलूप नाही. पुन्हा कधीच नाही."

तेव्हा कुठं महानंदा तिथंच धुळीत फतकल मारून बसली.